प्रकाश संश्लेषणाचा व्हिडिओ मराठीत आहे, मग सापडत का नाही?

फोन हातात आहेच, तर एक गोष्ट करून बघा. सर्चमध्ये देवनागरीत 'प्रकाश संश्लेषण' असं टाका. व्हिडिओंची रांग लागेल. पण एकेक उघडून ऐकायला लागलात की त्यातले बरेचसे हिंदी निघण्याची शक्यता मोठी आहे. कारण हा शब्द मराठीत आणि हिंदीत अक्षराअक्षराने सारखा आहे. नुसत्या शब्दावरून भाषा ओळखता येत नाही, माणसालाही नाही आणि मशीनलाही नाही.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या पावसाळ्यात तिचा मेसेज आला, "मुलांना दाखवायला पाच-सात मिनिटांचं काहीतरी मराठीत हवंय. तुम्ही इंटरनेटवाले ना, दे शोधून." मी म्हटलं, दोन मिनिटांत पाठवते. दीड तास गेला. शेवटी एका शैक्षणिक भांडारात व्हिडिओ मिळाला. मराठी, आवाज स्वच्छ, पानाचा छेद वगैरे नीट दाखवलेला. फक्त त्याचं नाव होतं 'विज्ञान भाग २ फायनल'. भाषेचा रकाना रिकामा, इयत्तेचा रिकामा, परवान्याचाही रिकामा. सापडला तोही दुसऱ्याच एका व्हिडिओच्या खाली, योगायोगाने.

म्हणजे कुणीतरी मेहनत करून व्हिडिओ बनवला, कुणीतरी तो सर्व्हरवर चढवला, आणि ज्या मुलांसाठी हे सगळं केलं त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. मधे जे हरवलं त्याला मेटाडेटा म्हणतात.

मेटाडेटा म्हणजे लग्नाचा बायोडेटा

'माहितीविषयीची माहिती' अशी मेटाडेटाची व्याख्या सगळीकडे दिलेली असते आणि ती वाचून कुणालाही काहीही कळत नाही. त्यापेक्षा लग्नाचा बायोडेटा डोळ्यांसमोर आणा. माणूस वेगळा, त्याचा बायोडेटा वेगळा. वर नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी. हे रकाने सगळ्यांकडे सारखेच. त्याखाली रास, नक्षत्र, नाडी, म्हणजे ज्यांना पत्रिका बघायची आहे त्यांच्यासाठी. सगळ्यात शेवटी अपेक्षा. एकाच कागदावर हे तीन थर झाले, आणि प्रत्येक थराचा वाचक वेगळा.

आता हा बायोडेटा एका वधू-वर सूचक मंडळाने दुसऱ्या मंडळाला पाठवला असं समजा. दुसऱ्या मंडळाच्या फॉर्मात अपेक्षांचा रकानाच नाही. तिथला माणूस जुळणारे रकाने उतरवून घेतो आणि बाकीचं सोडून देतो. नाव पोचलं, उंची पोचली. 'मुलीला पुण्यातच राहायचं आहे' हे मात्र वाटेत राहिलं. पुढचे चहा-पोहे वाया.

असं वाटेत गळणं तुम्ही रोज बघता, फक्त लक्षात येत नाही. फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा लिहिलेली असते. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की चित्र पोचतं आणि ही माहिती गळून पडते. फोटोच्या बाबतीत ते बरंच आहे. आपल्या घराचा ठिकाणा सगळ्या ग्रुपला कशाला कळायला हवा? शिकण्याच्या साहित्याच्या बाबतीत मात्र हीच गळती महागात पडते.

पहिला थर: डब्लिनचा, पण आयर्लंडमधल्या नव्हे

मार्च १९९५. अमेरिकेच्या ओहायो राज्यात डब्लिन नावाचं एक गाव आहे, तिथे ग्रंथपाल आणि संगणक क्षेत्रातली मंडळी एकत्र बसली. वेब तेव्हा नवीन होतं आणि पानं भराभर वाढत होती. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाचं सविस्तर कार्ड बनवतात तसं प्रत्येक वेबपानाचं बनवायला माणसं आणायची कुठून, हा प्रश्न होता. यावर तोडगा असा निघाला की कुणालाही भरता येतील असे थोडेच रकाने ठरवायचे.

त्यातून 'डब्लिन कोअर' नावाचं मानक तयार झालं. त्यात १५ रकाने आहेत: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहभागी, तारीख, प्रकार, फॉरमॅट, ओळख क्रमांक, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. एकही सक्तीचा नाही. पुस्तक असो, नकाशा असो, जुनी ध्वनिफीत असो, सगळ्याला चालतं. म्हणूनच ते जगभर पसरलं.

पण मावशीला याचा उपयोग किती? 'प्रकाश संश्लेषण, व्हिडिओ, मराठी, २०१९' एवढं कळलं. ते सातवीसाठी आहे की बीएस्सीसाठी? पाच मिनिटांचं आहे की पन्नास? मुलांनी बघायचं की शिक्षकांनी आधी बघून ठेवायचं? या १५ रकान्यांत यासाठी वेगळा रकाना नाही.

दुसरा थर: शिकवणाऱ्याचा

ही उणीव भरायला २००२ मध्ये 'आयईईई' या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने 'लर्निंग ऑब्जेक्ट मेटाडेटा' हे मानक मंजूर केलं. लोक त्याला एलओएम म्हणतात. नऊ गट आणि त्यांत मिळून ७० हून जास्त रकाने. साहित्याचा प्रकार काय, म्हणजे सराव आहे की चाचणी की व्याख्यान. कोणत्या वयासाठी. किती अवघड. शिकायला साधारण किती वेळ लागेल. वापरणारा शिक्षक की विद्यार्थी. मावशीला हवं ते सगळं इथे आहे.

थोडं जास्तच आहे, खरं तर. एक रकाना आहे 'सिमँटिक डेन्सिटी', म्हणजे साहित्यात आशय किती दाट भरलाय, 'अगदी कमी' ते 'अगदी जास्त'. हे कुणी आणि कसं ठरवायचं? ज्यांनी हा रकाना सुचवला त्यांनी मधल्या सुट्टीनंतरचा तास कधी घेतला नसावा, असा मला दाट संशय आहे.

दुसरा एक गट आधी विनोदी वाटतो: 'मेटा-मेटाडेटा'. म्हणजे ही नोंद कुणी लिहिली, कधी लिहिली, कोणत्या नियमाने लिहिली. नोंदीचीही नोंद! पण हा गट कामाचा आहे. 'अवघड' असा शेरा दहा वर्षं शिकवणाऱ्या बाईंनी मारलाय की अपलोड करणाऱ्या ऑपरेटरने, हे कळायला नको का?

७० रकाने भरायला वेळ कुणाकडे नव्हता, म्हणून पुढे हलकं काहीतरी शोधणं आलंच. २०११ मध्ये शैक्षणिक प्रकाशकांची एक संघटना आणि क्रिएटिव्ह कॉमन्स यांनी मिळून 'एलआरएमआय' हा उपक्रम सुरू केला. मोजकेच शैक्षणिक रकाने: वय, लागणारा वेळ, प्रकार, वापराचे हक्क आणि हे साहित्य कोणत्या अभ्यासक्रमाशी जुळतं. २०१३ मध्ये यातले रकाने 'स्कीमा डॉट ऑर्ग'मध्ये गेले. गुगलसारखी सर्च इंजिनं वेबपानं वाचताना हीच शब्दावली वापरतात, त्यामुळे हा थर ग्रंथालयाबाहेर पडला.

तिसरा थर: आपल्या शाळेचा

आता आपल्याकडे येऊया. ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षक दिनी, केंद्र सरकारने 'दीक्षा' सुरू केलं. पालकांनी हे ॲप टाळेबंदीत वापरलं असेल. उघडल्याबरोबर ते काय विचारतं आठवा: बोर्ड कोणतं, माध्यम कोणतं, इयत्ता कोणती. हाच तिसरा थर.

पाठ्यपुस्तकात धड्याजवळ जो क्यूआर कोड छापलेला असतो, त्याच्या खाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेतांक असतो. कॅमेरा खराब असेल तर तो टाइप करूनही चालतं. अनेकांना वाटतं की व्हिडिओ त्या चौकोनात 'भरलेला' आहे. तसं नाही. तो चौकोन म्हणजे फक्त बाणाची खूण. बाण ज्या नोंदीकडे नेतो तिला जोडलेलं साहित्य उद्या बदललं तरी पुस्तक पुन्हा छापावं लागत नाही.

हा थर वेगळा का ठेवायचा? याचं उत्तर बेळगावात आहे. तिथल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांत कर्नाटकचं पाठ्यपुस्तक मराठीतून शिकवतात. भाषा मराठी, माध्यम मराठी, बोर्ड वेगळं. झाडाचं पान सोलापुरात जसं अन्न तयार करतं तसंच बेळगावातही करतं, पण धडा क्रमांक वेगळा, कदाचित इयत्ताही वेगळी. व्हिडिओच्या नोंदीत फक्त 'इयत्ता ७, धडा ४' एवढंच असेल तर तो बेळगावच्या शिक्षकाला कधीच सापडणार नाही. पण 'विषय: प्रकाश संश्लेषण' एका थरात आणि 'महाराष्ट्र बोर्ड, इयत्ता ७' दुसऱ्या थरात असेल, तर वरचा थर सोलून तिथे कर्नाटकचा थर चढवता येतो. व्हिडिओ तोच राहतो.

थरांचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे, आणि नेमकं हेच बहुतेक ठिकाणी केलेलं नसतं. सगळं एकाच शीर्षकात कोंबलेलं असतं.

एका भांडारातून दुसऱ्यात जातं कसं?

इथे एक गैरसमज आधी दूर करूया. दोन भांडारं 'साहित्य शेअर करतात' म्हणजे व्हिडिओ इकडून तिकडे कॉपी करतात असं नेहमीच नसतं. बहुतेक वेळा फाइल मूळ जागीच राहते, फिरते ती नोंद.

याचं मोठं भारतीय उदाहरण म्हणजे 'नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'. आयआयटी खरगपूरने उभी केलेली ही लायब्ररी १९ जून २०१८ ला देशाला अर्पण झाली. ती अनेक संस्थांच्या नोंदी एका खिडकीत आणते. तुम्ही शोधता तिथे, पण क्लिक केल्यावर बहुतेकदा पोचता मूळ संस्थेच्या साइटवर. तिने स्वतःचा फॉर्म बनवतानाही थरांचीच वाट धरली: सर्वसाधारण माहितीसाठी डब्लिन कोअर, शैक्षणिक माहितीसाठी एलआरएमआय आणि प्रबंधांसाठी 'शोधगंगा'चे रकाने, सगळे एका पाकिटात.

नोंदी गोळा करण्याची जगभरची एक पद्धत आहे, तिचं नाव ओएआय-पीएमएच. २००१ मध्ये आली, २००२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली आणि तीच आजही चालते. या नावातला 'एच' म्हणजे हार्वेस्टिंग, कापणी. गोळा करणारं मशीन दुसऱ्या भांडाराला सहाच प्रकारचे प्रश्न विचारू शकतं. तू कोण? तुझ्याकडे नोंदी कोणकोणत्या साच्यात आहेत? तुझे विभाग कोणते? नोंदींचे ओळख क्रमांक दे. सगळ्या नोंदी दे. ही एक नोंद दे. शिवाय 'गेल्या एक तारखेनंतर जे नवीन आलं तेवढंच दे' असंही म्हणता येतं, म्हणजे रोज अख्खं शेत कापायला नको.

आणि नियम असा की प्रत्येक भांडाराने किमान साध्या डब्लिन कोअरमध्ये नोंद द्यायलाच हवी. त्याहून समृद्ध साचे द्यायचे असतील तर द्या, सक्ती नाही.

नियम समजूतदार आहे. त्याच्याशिवाय छोट्या भांडारांना यात उतरताच आलं नसतं. पण त्याचा परिणाम बघा. ज्याला कमी कष्ट घ्यायचे आहेत तो किमान तेवढंच देतो, आणि घेणाराही किमान तेवढंच घेतो. दोघांमधून जातात फक्त ते १५ रकाने. 'इयत्ता सातवी'ला त्या १५ मध्ये स्वतःची जागा नाही. मग कुणी ती 'विषय' मध्ये घालतं, कुणी 'वर्णना'त, कुणी 'व्याप्ती'त, जी खरं तर प्रदेश आणि काळासाठी आहे. डब्लिन कोअरच्या विस्तारित यादीत पुढे 'शैक्षणिक पातळी' असा रकाना आला, पण तो मूळ १५ त नाही, त्यामुळे किमान देवाणघेवाणीत तोही मागे राहतो.

थोडक्यात, बायोडेट्यातलं नाव आणि उंची पोचली. अपेक्षा वाटेत पडल्या.

आणखी एक दुखणं म्हणजे मूळ साइटवरून साहित्य काढून टाकलं तरी त्याची नोंद कापणी करणाऱ्याकडे शिल्लक राहू शकते. 'हे काढलंय' असं कळवण्याची सोय पद्धतीत आहे, पण ती वापरायची की नाही हे भांडारावर सोडलेलं आहे. तुम्ही क्लिक करता आणि पान उघडत नाही, त्यामागचं हे एक कारण.

मराठीत गाडी कुठे अडते?

सगळ्यात आधी लेखनात. 'प्रकाश संश्लेषण' कुठे तोडून लिहितात, कुठे 'प्रकाशसंश्लेषण' असं जोडून. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या मशीनसाठी हे दोन वेगळे शब्द. इयत्तेचंही तेच: 'इयत्ता सातवी', '७ वी', 'यत्ता ७', 'क्लास सेव्हन', 'स्टँडर्ड सेव्हन'. हाताने लिहायची मोकळीक दिली की प्रत्येक जण आपापल्या सवयीने लिहितो. म्हणून जाणकार भांडारं हे रकाने लिहायला देत नाहीत, ठरलेल्या यादीतून निवडायला लावतात. भाषेसाठी तर आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेले आहेत: मराठीसाठी दोन अक्षरी 'एमआर' किंवा तीन अक्षरी 'एमएआर'. हे एवढं एक निवडलं असतं तरी माझा एक तास वाचला असता. शास्त्रीय शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. त्यांतला शब्द मुख्य धरून बाकीची रूपं त्याला जोडता येतात.

दुसरी अडचण खास आपली आहे: सेमी इंग्रजी. महाराष्ट्रातल्या लाखो पालकांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकी विषय मराठीतून, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आता या मुलांसाठी केलेल्या विज्ञानाच्या व्हिडिओच्या नोंदीत काय लिहायचं? साहित्याची भाषा इंग्रजी आहे. मुलाच्या शाळेचं माध्यम मराठी आहे. शिवाय बरेच शिक्षक व्हिडिओत बोलतात मराठीत आणि पडद्यावर शब्द दाखवतात इंग्रजी. 'भाषा' आणि 'माध्यम' हे एकच समजून एकच रकाना ठेवला की हे मूल कुठल्याच खणात बसत नाही. बाहेरच्या देशात बनलेल्या मानकाला हे सुचणं शक्यच नव्हतं. ते आपल्याला आपल्या थरात घालावं लागेल.

तिसरी अडचण जुनी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली अजून सगळीकडे पडून आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण पोटात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. सर्चला त्यातलं काही कळत नाही. स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफची गत याहून वाईट, तिथे तर नुसता फोटोच. अशा फाइलीला बाहेरून चिकटवलेली नोंद हाच एकमेव आधार.

परवान्याचा रकाना रिकामा असला तर काय बिघडतं?

मावशीने विचारलंच, "हा व्हिडिओ मी शाळेच्या ग्रुपवर टाकला तर चालेल ना?" मला सांगता येईना. काहीच लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क निर्मात्याकडे राखीव आहेत असं धरावं लागतं. वर्गात दाखवणं वेगळं, त्याची प्रत काढून वाटणं वेगळं, त्यावर आपला आवाज चढवून नवा व्हिडिओ करणं आणखी वेगळं.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने यासाठीच आहेत. 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या. 'एसए' म्हणजे बदल केलेत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. एनसीईआरटीच्या 'एनआरओईआर' या मुक्त साहित्याच्या भांडाराने 'बीवाय-एसए' स्वीकारला आहे. दिसायला हे फक्त दोन अक्षरांचे फरक, पण परिणाम मोठा: 'एनसी' लिहिलेलं साहित्य विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येत नाही. कुणा शिक्षकाने भलेपणाने, आपल्या कामावर दुसऱ्याने पैसे कमवू नयेत म्हणून 'एनसी' निवडलं, तर त्यांचं चित्र मराठी विकिपीडियाच्या लेखात येऊ शकत नाही.

हे सगळं भरणार कोण?

खरा अडसर इथेच आहे. फाइलचा आकार, फॉरमॅट, लांबी मशीन आपोआप लिहितं. हल्ली बोललेलं ऐकून भाषा आणि विषयाचा अंदाजही मशीन बऱ्यापैकी करतं. पण 'मुलं प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये गोंधळतात, त्यासाठी हा व्हिडिओ बरा' हे शिकवणाऱ्यालाच माहीत असतं. आणि तिच्याकडे आधीच पोषण आहाराच्या नोंदींपासून निवडणुकीच्या कामापर्यंत सगळं आहे. तिला ७० रकान्यांचा फॉर्म देणं हा निव्वळ अन्याय आहे.

अमेरिकेत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'लर्निंग रजिस्ट्री' या सरकारी प्रकल्पाने यावर वेगळा विचार केला होता. साहित्य काय आहे याच्या जोडीला ते कसं वापरलं गेलं हेही नोंदवायचं: कुठल्या इयत्तेच्या शिक्षकांनी ते आपल्या पाठात घेतलं, कुणी कशाशी जोडलं, कुणी काय मत दिलं. याला 'पॅराडेटा' म्हणतात. फॉर्म भरण्याऐवजी वापरातून जमा होणारा हा आणखी एक थर. मला स्वतःला ही कल्पना एलओएमच्या ७० रकान्यांपेक्षा जास्त पटते, फक्त त्यात मुलांची खासगी माहिती ओढली जाणार नाही एवढं बघायला हवं.

तोपर्यंत तुम्ही स्वतः काही अपलोड करत असाल, यूट्यूबवर असो की शाळेच्या ड्राइव्हवर, तर पाच गोष्टी लिहा: संकल्पनेचं नाव, साहित्याची भाषा, बोर्ड-माध्यम-इयत्ता, किती मिनिटांचं आणि परवाना. संकल्पना शीर्षकात, बाकीचं वर्णनात. यूट्यूबवर व्हिडिओची भाषा आणि परवाना निवडायची वेगळी सोय आहे, ती सेटिंगमध्ये खाली दडलेली असते.

मावशीने गेल्या महिन्यात स्वतःच एक व्हिडिओ केला. शाळेमागच्या जास्वंदीच्या पानाला काळा कागद गुंडाळून पिष्टाची परीक्षा, सहा मिनिटं. मला पाठवला तेव्हा फाइलचं नाव होतं फोनने दिलेलं, नुसते आकडे. मी काही बोलायच्या आत दुसरा मेसेज आला: "नाव बदलतेय. 'प्रकाश संश्लेषण' जोडून लिहू की तोडून?" मी म्हटलं, शीर्षकात तोडून, वर्णनात जोडून.